तांबीची पात

६ ऑक्टोबर

तांबी मेली! दुपारी सव्वातीनला, एकाहत्तर सेकंदांत, झकास मेली. चार महिने मारत होते तिला, आज कुठे नीट जीव गेला.

(लिहून ठेवते, नाहीतर दहा वर्षांनी मीच वाचून घाबरायची — तांबी म्हणजे आमच्या गेममधली बाई. गेमचं नाव ‘राखकोट’. राक्षस, तलवारी, जादू, सगळं आहे. डेमो डिसेंबरात लोकांच्या हातात. कंपनी पुण्यात, मी शेलूबाजारात, मधे फक्त नेट. मी गेममधल्या माणसांना हलवते. चालणं, वार करणं, पडणं. मरणंसुद्धा.)

सीन असा — लाकडी पूल. तांबी जखमी. ती खेळणाऱ्याला म्हणते, “तू पुढे हो, मी आलेच.” तो पूल ओलांडतो, मागे वळून बघतो, तोवर राखेची भुतं तिच्यावर! हातातला विळा सुटतो, पण एकदम नाही. एकेक बोट सुटत जातं. त्या पाच बोटांत माझा अख्खा जून गेला.

आणि या सीनखाली नाव माझ्या एकटीचं येणार. सुप्रिया गुलाबराव गावंडे. आजवर मी कायम ‘आणि इतर’मध्ये होते.

जो बघेल तो रडेल. लिहून देते!

७ ऑक्टोबर

बाबांना सीन दाखवला. वांग्याचे कॅरेट गाडीत चढवून नुकतेच आले होते. हात पुसत उभ्यानेच पाहिला.

“चार महिने हेच करून राह्यली होती काय तू? एका बाईले मारून राह्यली होती?”

म्हटलं, हो.

“अन् पगार देतेत?”

म्हटलं, वेळेवर.

“भले मानसं आहेत बाप्पा पुन्याचे,” म्हणाले आणि जेवायला बसले. बाबा रडणाऱ्यांतले नाहीतच. त्यांना धरायचं नाही.

९ ऑक्टोबर

नरेंद्र सरांचा मेल. सर म्हणजे आमचे डायरेक्टर, गेमचा शेवटचा शब्द त्यांचा. ज्यांनी जन्मात गेम खेळला नाही अशी तीन-चार माणसं प्रत्येकाने पकडायची, पुलापर्यंत आणि पुलापुढे खेळवायची, स्क्रीन आणि खोलीतला आवाज दोन्ही रेकॉर्ड करून पाठवायचं. मधे एक शब्द बोलायचा नाही!

इथे गेम न खेळलेलं माणूस शोधणं म्हणजे — पारावरचे म्हातारेसुद्धा मोबाइलवर गोट्या फोडत बसतात. मग प्रयागमावशी आठवल्या. आठ बायांची टोळी घेऊन सोयाबीनच्या सोंगणीचा गुत्ता घेतात, म्हणजे कापणीचा ठेका. सकाळी सहाला जीपमध्ये बसून आसेगावकडे, ते दिवेलागणीला परत. मोबाइल फक्त फोन घ्यायला.

“टीव्हीवर काय करा लागते?” त्यांनी विचारलं.

“भुतं मारायची, मावशी.”

“मंग येतो. सोंगनी आटपू दे.”

१० ऑक्टोबर

तोवर सबिहा. बारावीपर्यंतची मैत्रीण, आता बांगड्यांचं दुकान सांभाळते. चाळीस सेकंदांत पूल ओलांडून मोकळी! पूर्ण सीन पाहिला. मी स्क्रीन सोडून तिचं तोंड बघत होते.

“अच्छा है,” म्हणाली. मग — “मेली न ते? मंग तिचा इळा मले भेटते काय?”

सबिहाला मोजायचं नाही. दहावीच्या निरोप समारंभात सगळ्या शाळेने हंबरडा फोडला, तेव्हाही ही सामोसे मोजत होती.

१५ ऑक्टोबर

सोंगणी संपली. दुपारी प्रयागमावशी आल्या, सोबत टोळीतल्या लिलाबाई आणि सोनीबाई. बोटांना सोयाबीनच्या खुंटांनी चिरा पडलेल्या, त्यावर हळद. म्हटलं, या हातांना रिमोट कसा जमणार! पंधरा मिनिटांत जमला. मावशी भुतांना असं कापत सुटल्या की मीच खुर्ची मागे सरकवली.

पूल आला. तांबी म्हणाली, “तू पुढे हो, मी आलेच.”

मावशी गेल्याच नाहीत.

तीन भुतं आली, मारली. आणखी तीन आली, मारली. (पूल ओलांडेपर्यंत ती येतच राहतात, आम्ही तसंच केलंय. कोण एवढा वेळ थांबणार?) मावशी थांबल्या. एक तास दहा मिनिटं! चहा आला तर रिमोट सोडेनात, लिलाबाईंनी बशी तोंडाला लावली. मी जीभ चावून गप्प बसले होते. सर म्हणाले होते ना, एक शब्द नाही.

मग लिलाबाई. तेच! सोनीबाई. तेच! तिघींपैकी एकीनेही माझा सीन पाहिला नाही.

शेवटी लाइट गेली म्हणून थांबलो. विचारलं, “मावशी, पुढे काहून नाही गेल्या?”

माझ्याकडे असं बघितलं, जशी मी शाळाच शिकले नाही.

“तिची पात राह्यली न वं.”

१६ ऑक्टोबर

रेकॉर्डिंग पाठवलं. ऑफिसात हसून लोळले म्हणे. मावशींनी एकूण दोनशे चौदा भुतं मारली, कंपनीत आजवर कोणी तीसही मारली नव्हती.

सर म्हणाले, “हसू नका. तीन माणसं एकाच जागी अडकली, म्हणजे चूक आपली आहे.”

मी म्हटलं, आपली कशाला? त्यांनी गेम पाहिलेला नाही एवढंच. पाच मिनिटं द्या. पाच मिनिटांत पूल नाही ओलांडला, तर तांबी आपोआप मरेल. सीन सगळ्यांना दिसेल.

संध्याकाळपर्यंत झालंसुद्धा. माझं डोकं चालतं तेव्हा चालतं!

१८ ऑक्टोबर

धनत्रयोदशी. मावशी एकट्याच आल्या, स्वतःहून! “रातभर डोक्यात तेच होतं. आज तिले काढतोच म्या तिथून.”

पाच मिनिटं झाली. तांबी पडली. विळा सुटला, एकेक बोट. मी पुन्हा स्क्रीन सोडून तोंड बघत होते. आता रडतील, आता रडतील.

मावशींनी रिमोट दिवाणावर ठेवला. हळूच, काच असल्यासारखा.

“तुयं ठरेलच होतं, त मले कायले बसवलं?”

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी भांडले असते. पिशवी उचलली आणि गेल्या. चहा तसाच राहिला.

१९ ऑक्टोबर

नाही म्हणजे नाही. माझी काही चूक नाही. गोष्टीत कोणीतरी मरतंच. न मरता गोष्ट पुढे जाते का? आणि बोटं! ती बोटं मी काय गंमत म्हणून केली? पुण्यातली सगळी टीम म्हणाली, असं काम आपल्याकडे कोणी केलं नाही. एका बाईला गेममधलं कळत नाही, म्हणून मी माझा सीन फेकू?

नाही फेकत. झोप येईना म्हणून चिवड्याचे पोहे चाळत बसले. दोनदा चाळले.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. करंज्या बऱ्या जमल्या. मावशींकडे फराळ आईच्या हाती पाठवला, मी गेले नाही.

२४ ऑक्टोबर

आज ते पहिलं रेकॉर्डिंग आवाज बंद करून पाहिलं. पूर्ण, तास दहा मिनिटं.

मावशी नुसत्या उभ्या नव्हत्या. तीन भुतं मारली की त्या डाव्या बाजूला, नदीच्या काठाला जातात आणि दगडांना धडकत राहतात. मग परत येतात, तीन मारतात, पुन्हा काठ. मला तेव्हा वाटलं रिमोट नीट जमत नाही. मोजलं — साठ वेळा! तिथे जायला वाट नाही. आम्ही ठेवलीच नाही.

लिलाबाईंचं पाहिलं. त्याही काठाला. सोनीबाई उजव्या काठाला.

वाट शोधत होत्या. पलीकडून यायला!

मला हे माहीत होतं. बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस मीच त्यांच्या टोळीत सोंगणीला गेले होते की! वावरात प्रत्येकीची एकेक पात असते, म्हणजे एका बाईने कापायचा पट्टा. जिची आधी संपते ती सावलीला जाऊन बसत नाही. मागे राहिलेलीच्या पातीला पलीकडच्या टोकाने लागते आणि तिच्याकडे कापत येते. ही इकडून, ती तिकडून. मधे भेट झाली की दोघी उठतात, मग पाणी. आठही दिवस माझीच पात राहायची आणि रोज समोरून कोणीतरी यायचं. बहुतेक वेळा मावशीच. मान वर केली की त्यांचा रुमाल बांधलेल्या डोक्याचा शेंडा दिसायचा, आणि हुश्श व्हायचं.

आणि मी असा पूल केला ज्याला पलीकडून यायला वाटच नाही. वर घड्याळ लावलं. शहाणी!

२५ ऑक्टोबर

गेले मावशींकडे. अंगणात पोती शिवत होत्या. लाजच वाटत होती, पण लाजून काम होत नाही.

“मावशी, पलीकडून वाट दिली तर?”

“दे न मंग. म्या कधी नाही म्हनलं?”

“पण खूप वेळ लागेल. भुतं दोन्हीकडून येतील.”

“लागू दे. ते एकटी बसून हाय तिथं, तिले काय कमी वेळ लागून राह्यला?”

मग करंज्यांबद्दल म्हणाल्या, “सारन कमी पडलं तुया करंजीत.” म्हणजे सगळं ठीक.

२६ ऑक्टोबर

सरांना फोन केला. वाट करू, तांबीला जगवू, सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. मग —

“दोन्ही नाही ठेवता येणार, सुप्रिया. पुढची सगळी गोष्ट एकाच बाजूने चालते. ती जगली तर तुझी एकाहत्तर सेकंदं जातील. त्याखालचं नावही. उरेल ते टीमचं काम. विचार केलास?”

म्हटलं, केला. (केला नव्हता. आत्ता लिहिताना करतेय.)

“मरणं लोकांच्या मनाला लागतं, हे मला माहीत आहे. जगणं लागेल का, माहीत नाही. मला एका माणसाचं रेकॉर्डिंग दाखव, ज्यात ते लागलेलं दिसेल. दहा नोव्हेंबरपर्यंत. नाहीतर तांबी मरते.”

“दाखवते,” म्हटलं.

फोन ठेवल्यावर कॅलेंडर बघितलं, पंधराच दिवस. पण दाखवते म्हणजे दाखवते!

३१ ऑक्टोबर

वाट झाली. नदीतून, कमरेएवढ्या पाण्यातून. आता तांबीचं उठणं. पडणं सोपं होतं हो! जखमी, थकलेली बाई उठते कशी? आधी तळवा गुडघ्यावर. मग दुसरा हात समोरचीच्या खांद्यावर. मग कंबर.

लिलाबाईंना अंगणात बसवलं आणि मोबाइल लावून चाळीस वेळा उठवलं.

“इतक्या उठाबशा त मास्तरनं नाही काढायले लावल्या मले,” म्हणाल्या. एकेचाळिसाव्या वेळी खऱ्याच थकल्या, खांदा घट्ट धरून उठल्या. तेच घेतलं.

३ नोव्हेंबर

कंबर चुकतेय.

५ नोव्हेंबर

कंबर जमली! उठणं एकोणीस सेकंदांचं. आणि बोटांचा सीन आज काढून टाकला. जून महिना गेला, एक बटण.

कॉपी ठेवली आहे. कोणी विचारलं तर नाही म्हणेन.

८ नोव्हेंबर

मावशी आल्या. मुद्दाम काही सांगितलं नाही. पूल आला, तांबी म्हणाली, “तू पुढे हो.” मावशी डाव्या काठाला गेल्या. दगडांमध्ये वाट दिसली तशा एकदम पुढे वाकल्या, म्हणजे टीव्हीसमोर, दिवाणावर.

अठ्ठावीस मिनिटं लागली. तिकडून तांबी, इकडून मावशी. मधली भुतं कमी कमी होत गेली. सहा. तीन. एक. मग मधे कोणीच उरलं नाही. तांबीने तळवा गुडघ्यावर ठेवला, दुसरा हात मावशींच्या खांद्यावर, आणि उठली.

मावशी हसल्या. तोंडभर, डोळे एकदम कोरडे. “झाली पात! चाल वं, पानी पे,” असं तांबीला म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, “चहा टाक.”

रेकॉर्डिंग पाठवलं. रडलेलं माणूस हवं होतं, हसणारं पाठवलं. आता सर जाणोत. आज एवढंच, डोकं दुखतंय.

१० नोव्हेंबर

सरांचा फोन. रेकॉर्डिंग दोनदा पाहिलं म्हणाले. तांबी जगणार!

मग विचारलं, “पण एक कळलं नाही. बाई तर हसताहेत. मग शेवटी मागे ते हुंदके देऊन कोण रडतंय?”

“मी, सर,” म्हटलं.