बाबांनी ठेवलेलं पोलाद

एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व
८ डिसेंबर २०२४

प्रिय निधी,

आशीर्वाद. बेंगळुरूत थंडी पडली असेल. तू बरी आहेस असं धरून चालते. इथे सगळं ठीक. सोसायटीची लिफ्ट पुन्हा बंद पडली होती, आता चालते. बळीरामकाका परवा त्यांच्या वाडीतलं केळफूल घेऊन आले. पायऱ्या चढून दमले होते, तरी बसायच्या आधी विचारलं, "निधी कवा येनार?" ऑफिसात काम फार आहे, म्हटलं. बाबांच्या वर्षश्राद्धालाही मी त्यांना हेच सांगितलं होतं.

पत्र लिहायचं कारण वेगळं. तुझ्या बाबांचे नमुने अणुभट्टीतून बाहेर आले.

तू शिशुवर्गात होतीस तेव्हा त्यांनी स्टेनलेस स्टीलचे बोटाएवढे तुकडे घासूनपुसून अणुभट्टीत ठेवले होते. भट्टीच्या आतले बोल्ट ज्या पोलादाचे, त्याच पोलादाचे. बोल्ट उठसूट काढून बघता येत नाहीत, म्हणून शेजारी नमुने ठेवायचे आणि काही वर्षांनी ते तोडून बघायचे. तोडायचं काम आमच्या विभागाकडे आलं.

तुला या विषयाचा कंटाळा आहे, ठाऊक आहे. तरी वाच. न्यूट्रॉन येऊन पोलादातल्या अणूवर आदळतो. तो अणू जागचा उडतो आणि जाता जाता इतरांना उडवतो. बहुतेक अणू पुन्हा कुठेतरी बसतात, पण काही जागा रिकाम्या राहतात. वर्षानुवर्षं हे चालतं. मग त्या रिकाम्या जागा एकत्र येऊन आत बारीक पोकळ्या होतात, तुकडा किंचित फुगतो. बाहेरून चकचकीतच दिसतो. उलट आधीपेक्षा कडक होतो. फक्त ताण आला की लांबत नाही, एकदम तुटतो.

हे तुकडे आता किरणोत्सारी झालेत, हातात धरता येत नाहीत. जाड शिशाच्या काचेमागे यांत्रिक हातांनी उचलावे लागतात. पहिला तुकडा काचेजवळ आणला आणि त्यावरचा आकडा दिसला. नंबर बाबांनी हाताने कोरले होते. त्यांचा इंग्रजी चारचा आकडा तुला आठवतो ना, डोकं उघडं ठेवलेला? गॅस लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहायचे, तसाच. भट्टीत जाण्याआधी त्यांनी हे तुकडे उघड्या हातांनी पुसले होते.

परेशने, म्हणजे माझ्या सहकाऱ्याने, माझ्याकडे बघितलं. "मॅडम, मी करू का?"

"नको," म्हटलं.

एकेक तोडत गेलो. तुटण्याआधी ते किती लांबतात त्याचे आकडे मर्यादेच्या काठावर येत होते. वरिष्ठांचं म्हणणं होतं की भट्टी पुढच्या वेळी मोठ्या दुरुस्तीसाठी बंद होईपर्यंत बोल्ट चालतील. शेवटचा एक तुकडा उरला. परेश हळूच म्हणाला, "हा राखून ठेवू या. नियमात बसतं. कोणी विचारणार नाही."

त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. बाबांच्या हातचा एक तरी तुकडा शाबूत राहावा, असं मलाही वाटत होतं. मी पाणी प्यायले. मग तुकडा यंत्रात बसवायला सांगितला. बाबांनी तो राखून ठेवण्यासाठी बनवला नव्हता.

तो जवळजवळ न ताणताच तुटला. सूक्ष्मदर्शकाखाली पोकळ्या बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त दिसल्या. भट्टीत तो सगळ्यांत आतल्या बाजूला होता, म्हणजे सर्वांत जास्त मारा झेलणाऱ्या बोल्टांच्या शेजारी. बोल्ट आत्ताच बदला, असं मी स्पष्ट लिहिलं. दोन बैठकांत वाद झाला. एक साहेब म्हणाले, "एका तुकड्यावरून?" मी म्हटलं, "हो, कारण तोच खरा त्या जागेचा आहे." शेवटी मान्य झालं. भट्टी आत्ता बंद आहे तेव्हाच बदलताहेत.

आता दुसरं. स्मशानातून घरी आल्यावर तू मला विचारलंस, "आई, हे त्या कामामुळेच झालं ना?" मी चहा गाळत होते. "हातपाय धू, चहा घे," एवढंच बोलले. तेव्हापासून तुझा फोन नाही. तुला वाटलं असेल, मी प्रकल्पाची बाजू घेते.

बाबांच्या अंगावर आलेल्या किरणोत्साराच्या सगळ्या नोंदी मर्यादेच्या आत होत्या. डॉक्टर म्हणाले, रक्ताचा कर्करोग भट्टीचं तोंडही न पाहिलेल्या माणसालाही होतो; एका माणसाबाबत ठामपणे सांगता येत नाही. हे मी तुला तेव्हाच सांगू शकले असते. पण त्याने ना तुझं समाधान झालं असतं, ना माझं. पोलाद कशाने तुटलं ते मी सहीनिशी लिहून देते. बाबांचं काय झालं ते मला सांगता येत नाही, निधी, आणि रोज त्याच जागी कामाला जाताना मी तेच स्वतःला विचारत असते.

पत्राचं उत्तर लिहीत बसू नकोस, फोन कर. माझ्याकडे सांगायला "माहीत नाही" एवढंच आहे. ते ऐकून चिडलीस तरी चालेल, पण चिडायचं ते फोनवर.

तुझी वाट बघणारी,
आई