दुसरी किल्ली

बाबा, तुमच्या लाडक्या मुलाची गाडी फायनान्स कंपनीने उचलून नेली, आणि नेणाऱ्या माणसाच्या हातात किल्ली मी ठेवली. आईला मी यातलं अर्धंच सांगितलंय. तुम्हाला मात्र सगळं सांगणार आहे, कारण याची सुरुवात तुम्ही केलीत.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी आपलं पुण्याचं स्वयंपाकघर मला लख्ख दिसतं. आई पोळ्या लाटतेय, तुम्ही बशीत चहा ओतताय आणि मी दारात उभी आहे. दोन वर्षं शिकवण्या करून घेतलेली माझी मोपेड, जेमतेम चार महिने वापरलेली. उद्यापासून ती तो नेईल, त्याचं कॉलेज लांब आहे, असं तुम्ही वर न बघता सांगितलंत. मी तोंड उघडलं तर म्हणालात, "भावाशी हिशेब करणारी मुलगी माझ्या घरात नको." संध्याकाळी मला जवळ बोलावून मोपेडची दुसरी किल्ली दिलीत, लाल दोऱ्यात ओवलेली. गाडी तुझीच आहे, तो फक्त चालवतोय, म्हणालात. तुम्हाला वाटलं, न्याय झाला. मी ती किल्ली पर्समध्ये घेऊन तीन वर्षं सिटी बसच्या थांब्यावर उभी राहिले. तो माझ्याच गाडीवर, मागे मित्राला बसवून समोरून जायचा, आणि वर मला हात करायचा.

आता तोही इथे ऑकलंडमध्येच असतो. मी माउंट रॉस्किलला, तो पलीकडे हिल्सबरोला. ऋण काढून सण करायची त्याची सवय काही गेली नाही. इथे आल्यावर त्याने हप्त्यांवर भलीमोठी यूट घेतली, मागे माल टाकायला जागा असते तसली. त्यात त्याने कधी दुधाच्या पिशवीपेक्षा जास्त काही टाकलं नाही. मग कामाचे तास कमी झाले, हप्ते ओढाताणीने जायला लागले, आणि गेल्या भाऊबीजेला तो आला तो तोंड उतरवूनच. मी पाट मांडला, ओवाळलं. त्याने तबकात नोट टाकली आणि तिच्यावर यूटची दुसरी किल्ली ठेवली. "ही तुझ्याकडे असू दे, ताई. बाबांची पद्धत," म्हणून हसला. बाबा, त्याला तो विनोद वाटला होता.

मग जेवताना त्याने विचारलं. पुढचा हप्ता जमणार नव्हता. दिवाळखोरी जाहीर केली की गाडीला कोणी हात लावू शकत नाही, असं त्याला कुणा मित्राने सांगितलं होतं. "तुझं रोजचं काम आहे हे. करू ना?"

माझं रोजचं काम खरंच हेच आहे. कम्युनिटी सेंटरमध्ये मी कर्जात बुडालेल्या लोकांना फुकट सल्ला देते. दिवाळखोरीने बाकीची बरीच कर्जं थांबतात, पण जी गाडीच तारण आहे ती कंपनी तरीही नेते, हे मी आठवड्यातून चारदा तरी कुणाला समजावते. नाव सरकारी यादीत सगळ्या जगाला दिसतं, तीन वर्षं परवानगीशिवाय देशाबाहेर जाता येत नाही, आणि सुटका झाल्यावरही कित्येक वर्षं क्रेडिटवर डाग राहतो. हप्ता चुकायच्या आत कंपनीकडे अडचणीचा अर्ज करा, मुदत वाढवून मिळू शकते, हेही सांगते. परक्या माणसांच्या हातात पाण्याचा ग्लास देऊन सांगते. माझ्या भावाने विचारलं तेव्हा मी त्याच्या पानात भात वाढला आणि म्हणाले, "कर." बाकी मूग गिळून बसले. मला फार बरं वाटलं, हे तुमच्यापासून लपवत नाही.

त्याने दिवाळखोरी जाहीर केली, हप्ता थांबवला, आणि कंपनीची नोटीस आली तेव्हा यूट माझ्या अंगणात आणून लावली, लपवायला. एका शनिवारी सकाळी ते आले. माणूस सभ्य होता. किया ओरा म्हणत इथल्या रीतीने नमस्कार केला, कागद दाखवले आणि दुसरी किल्ली आहे का विचारलं. भाऊ जँडल्समध्ये, इथल्या रबरी चपलांत, ओल्या गवतावर उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, नाही म्हण अशा नजरेने. मी आत जाऊन खुंटीवरची किल्ली आणून दिली. "ताई, तुला माहीत होतं का गं?" त्याने नंतर विचारलं. मी म्हणाले, कायदे बदलत असतात.

हिल्सबरोच्या घरमालकाला घर विकायचं होतं, म्हणून त्याला ते सोडावं लागलं. दुसरं घर भाड्याने मिळेना. जो तो आधी क्रेडिट बघतो आणि मग फोन उचलत नाही. आता तो माझ्याच मागच्या खोलीत राहतो. मी जेवायला वाढते, तो भांडी घासतो. आई फोनवर म्हणते, तू आहेस म्हणून त्याचं निभतंय. सकाळी सातला तो बसच्या थांब्यावर उभा असतो. त्याला वाटतं, त्याचं नशीब फुटकं; माझ्यावर त्याचा काडीचाही संशय नाही.

हे आईला वाचून दाखवावं असं मनात आलं होतं. पण ती ऐकून घेईल, थोडं रडेल आणि लगेच विचारेल, मग आता त्याला कामावर तू सोडतेस ना? म्हणून हे पत्र तुमच्याच नावाने ड्रॉवरमध्ये जाईल, त्या लाल दोऱ्याच्या किल्लीशेजारी. बाबा, त्याच्या कामाची जागा माझ्या वाटेवरच आहे. मी त्याला सांगितलंय, मला दुसरीकडून जावं लागतं. काल पाऊस होता, वळायचा कंटाळा केला आणि थांब्यावरून गेले. त्याने माझी गाडी ओळखली, आणि हात केला.