अद्याप न गेलेल्या मुलीस रहिवासी दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती, हातकणंगले,
जि. कोल्हापूर

विषय : मी गावातच राहत असल्याचा दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : मौजे शेंदरगे ग्रामसभा ठराव क्र. ९, दि. १ मे २०२५ (अभिनंदनाचा)

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करते की, मी मौजे शेंदरगे येथील कायमची रहिवासी असून दुग्धतंत्रज्ञानाच्या पुढील शिक्षणासाठी फिनलंडच्या विद्यापीठात माझा प्रवेश निश्चित झाला आहे. पासपोर्टवर जुन्या घराचा पत्ता असल्याने तेथील निवास परवान्याच्या कागदांना येथील रहिवासी दाखला जोडायचा आहे. कागद तपासणीसाठी मुंबईत २५ जुलै ही तारीख मिळाली आहे. ती हुकल्यास माझी जागा जाईल.

२. प्रवेशाचे पत्र एप्रिलमध्ये आले. १ मेनंतरची ग्रामसभा थेट १५ ऑगस्टला, तोवर मुलगी सत्काराला हाती लागेल न लागेल, या काळजीने ग्रामसभेने १ मे रोजीच "कु. रुचिता फिनलंडला रवाना झाल्याबद्दल अभिनंदन" असा ठराव मंजूर केला. त्यावेळी मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या, ही माझी चूक मला मान्य आहे. चुलतभाऊ जिनेश याने त्याच दिवशी चौकात डिजिटल फलक लावला. त्यावर विमान आहे, एकेचाळीस शुभेच्छुक आहेत आणि कोपऱ्यात मीही आहे.

३. दि. १४ जुलै रोजी दाखला मागितला असता ग्रामसेवक धैर्यशील भाऊसाहेबांनी इतिवृत्त उघडून दाखवले व म्हणाले, "ताई, कागदावर तुमी कवाच गेलाय की. आता हितं ऱ्हाताय म्हणून कसं लिवून देऊ?" त्यांनी मला चहा दिला. गेलेल्या माणसास चहा देता येतो, दाखला देता येत नाही. ठराव फिरवायचा तर ग्रामसभाच हवी. किंवा मी परत आल्याची नोंद करावी, त्यास पासपोर्टवर परतीचा शिक्का लागतो. परत येण्यास आधी जावे लागते, जाण्यास परवाना लागतो आणि परवान्यास हा दाखला लागतो.

४. दरम्यान रेशनकार्डावरून माझे नाव कमी करण्याची सूचना घरी आली असून ती मीच सही करून घेतली. गिरणीत बायका विचारतात, "अगं, तू गेलतीस न्हवं? कवा आलीस?" माझी आई अक्काताई कंटाळून "सुट्टीला आलीय" म्हणून सांगते. तरुण मंडळाने तर स्वागताच्या फलकासाठी फोटोही मागितला आहे.

५. साहेब, मला खरोखर जायचे आहे. आमच्याकडे चार म्हशी आहेत. दूध नासले की आई दिवसभर कोणाशी बोलत नाही. ते का नासते हे मला नीट शिकायचे आहे. गावाने मनापासून पाठवले, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त पाठवण्याआधी जाऊ दिले असते तर बरे झाले असते.

तरी अभिनंदनास धक्का न लावता, मी अजून गेलेली नाही एवढे लिहून देण्याचे आदेश व्हावेत.

आपली नम्र व अद्याप येथेच असलेली,
रुचिता आप्पासो मगदूम
दि. २१ जुलै २०२५

सोबत :
१) प्रवेश मिळाल्याचे पत्र
२) ठराव क्र. ९ ची नक्कल
३) फलकाखाली उभी राहून काढलेला माझा कालचा फोटो
४) अर्जदार स्वतः, मूळ प्रत. सकाळी दहापासून आपल्या व्हरांड्यातील बाकावर. पडताळणी करून जाऊ द्यावी.