पथ्य सुटलं

प्रिय चिमणे,

तुझं पार्सल मिळालं. भाजलेल्या भोपळ्याच्या बिया, मोड आणून वाळवून दळलेल्या कडधान्यांचं पीठ, आणि वर तुझी चिठ्ठी: 'आई, आता तरी बाबांना चोथा खायला घालू नकोस.' सख्ख्या लेकीने इतका नेमका शब्द शोधावा आणि तो आईच्याच अंगावर फेकावा. तुला भाषा चांगली यावी म्हणून मी जिवाचं रान केलं होतं, त्याचं चीज झालं म्हणायचं.

तुझे बाबा फोनवर 'माझं पथ्य सुटलं' असं सांगत होते तेव्हा मी शेजारीच उभी होते. तू अशी ओरडलीस की त्यांनी फोन कानापासून लांब धरला. मग मला बोलावून घेतलंस आणि ऐकवलंस, की किडनीच्या नावाखाली मी तुझ्या बापाला उपाशी मारलं, बघ, शेवटी डॉक्टरांनाच पटलं. मी 'बरं' म्हणाले. चिमणे, मी 'बरं' म्हणून गप्प बसणारी बाई आहे का? तुला तिथेच शंका यायला हवी होती. पण तू आनंदात होतीस, आणि आनंदात माणसाला ऐकू कमी येतं.

आता माझं ऐक. अन्न तपासायच्या प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर फक्त बिया येत, कडधान्यं आणि वाटाणेही त्यातच. भिजवल्या की काय जातं, शिजवल्या की काय जातं, भाजल्यावर काय उरतं, हे मोजायचं, आणि मग वसतिगृहांच्या स्वयंपाकघरांत जाऊन आचाऱ्यांशी भांडायचं. कुणी शिजवलेल्या वाटाण्यांचं पाणी मोरीत ओतताना दिसला की माझा तोल जायचा. जीवनसत्त्वं त्या पाण्यात उतरलेली, मग पोरांना काय भुसा वाढणार? आचारी मला पाठीमागे 'पाणीवाल्या बाई' म्हणत. तुझे बाबा तोंडावर म्हणत. मिशनच्या शाळेत सिस्टर ताटातला शेवटचा वाटाणा संपेपर्यंत बाकावरून उठू देत नसत, तेव्हापासून टाकणं म्हणजे पाप हे माझ्या हाडांत मुरलंय. देवावरची श्रद्धा पुढे पातळ झाली, वाटाण्यावरची राहिली.

अशा बाईच्या नशिबी काय यावं? बिया भिजवा, पाणी फेका. भरपूर पाण्यात उकळा, तेही फेका. पुन्हा नव्या पाण्यात उकळा आणि पुन्हा फेका. कारण तुझ्या बाबांच्या किडन्यांना पोटॅशियम बाहेर टाकता येत नव्हतं, तेव्हा ते मला मोरीत टाकणं भाग होतं, आणि त्याच्याबरोबर चांगलं तेही वाहून जायचं. पहिल्यांदा पातेलं घेऊन मोरीपाशी उभी राहिले तेव्हा हात पुढे होईना. तुझे बाबा मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, बाईसाहेब, आचाऱ्यांना बोलावू का, बघायला? मी हसले नाही. ते एकटेच खो-खो हसले, आणि नंतर तो चोथा मिटक्या मारत खाल्ला. मिटक्या खोट्या होत्या. इतकी वर्षं संसार केल्यावर खरी मिटकी कळते.

आणि मोडांचं पुराण मला सांगू नकोस. मोड आले की बियांनी धरून ठेवलेलं लोह सुटं होतं, तुझ्यासारख्या धडधाकट मुलीने ते रोज खावं. पण लोहाबरोबर फॉस्फरसही सुटा होतो, आणि तो तुझ्या बाबांच्या रक्तात साठला असता. भाजलेल्या बियांत तर खनिजं जशीच्या तशी राहतात, म्हणून मी त्या घरात ठेवत नव्हते. तुझं पीठ उत्तम आहे. तू व्यायाम शिकवतेस त्या सगळ्यांना ते दे. चांगलं अन्न कुणासाठी चांगलं, एवढा एकच प्रश्न तुमच्या त्या व्हिडिओंत कुणी विचारत नाही.

काल त्यांनी तुझ्या बिया खाल्ल्या. खिडकीपाशी बसून, एकेक सोलून. मी अडवलं नाही. चार-पाच खाल्ल्या आणि वाटी माझ्याकडे सरकवली, तू खा म्हणाले, जबडा दुखतो. पायांवर सूज आहे. वर्तमानपत्र उघडं धरून बसतात, पण पान उलटत नाहीत. मी पाणी न फेकता वाटाणे शिजवले, मीठही घातलं, तेव्हा चमचाभर खाऊन म्हणाले, 'अगं, ही चव मी विसरलोच होतो.' मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

चिमणे, आता जे लिहिते ते मला फोनवर सांगता आलं नसतं. भिंत पातळ आहे आणि त्यांचे कान अजून शाबूत आहेत. त्यांच्या हृदयाला आता डायलिसिस सोसत नाही. डॉक्टरीणबाईंनी ते थांबवलं. तरुण मुलगी आहे, तुझ्याहून लहान असेल. हातातल्या पेनाकडे बघत म्हणाली, आता त्यांना आवडेल ते खाऊ द्या. मला कळलं. त्यांनाही कळलं. तरी तिला अवघड जाऊ नये म्हणून त्यांनी मोठ्याने विचारलं, 'म्हणजे पथ्य सुटलं म्हणायचं?' ती हो म्हणाली. घरी येताना त्यांनी मला बजावलं, चिमणीला मीच सांगणार. आणि अर्धं सांगितलं. तू इतकी हरखलीस की उरलेलं अर्धं त्यांच्या तोंडून निघेना, ते मी लिहिते आहे. हातात थोडेच दिवस आहेत. मिळेल त्या गाडीने नीघ. दुसऱ्या डॉक्टरचं नाव काढू नकोस, ते सगळं आम्ही करून बसलोय. आल्यावर त्यांच्यापुढे रडलीस तरी चालेल. मी रडत नाही याचा त्यांना राग आलाय. म्हणाले, इतकी वर्षं राहिलो तुझ्याजवळ, दोन थेंबांचा तरी धनी आहे की नाही? मला नाही जमत गं. तू ये, आणि माझ्याही वाटचं रड.

तुझीच, खडूस तरी तुझीच,
आई