प्रसूती विभागाच्या पाटीवरची झुळूक

चि. धाकटोबा यास ताईचे आशीर्वाद (या खेपेला दातओठ खाऊन दिलेले, तरी आशीर्वादच समज).

तुझी मान कशी आहे? दिवसदिवस वाकून एकेका वेलांटीला वळण देत बसतोस, दुखणारच. शेकून घे, कारण हे पत्र वाचताना ती खाली घालावी लागणार आहे. तुझे भावोजी मजेत आहेत (ते घराला आग लागली तरी मजेतच असतील). माझा रक्तदाब मात्र तुझ्या अक्षरांनी पार वर नेऊन ठेवलाय.

तू ती 'झुळूक' नावाची नक्षीदार अक्षरं केलीस तेव्हा सगळ्यांत जास्त मीच मिरवले, हे कबूल. नमुन्याची पुस्तिका घेऊन मी वॉर्डभर फिरले. अत्तराच्या बाटलीवर, कवितांच्या पुस्तकावर ती अक्षरं अशी काही खुलून दिसत होती, की दोन पेशंटांनी पुस्तिकेचा वासही घेऊन पाहिला. माझं नशीब फुटकं, ती मोठ्या डॉक्टरांच्या हाती लागली. साहेब म्हणाले, रुग्णालय कसं प्रसन्न दिसलं पाहिजे! पंधरा दिवसांत जुन्या ठसठशीत पाट्या भंगारात आणि भिंतीभर तुझी झुळूक. झुळूक कसली मेल्या, वावटळ ती! लिफ्टवरचं 'जास्त भार नको' लोक 'जास्त मार नको' असं वाचायला लागले (तुझ्या 'भ'ची गाठ इतकी नाजूक, की आहे की नाही ते तुझं तुला ठाऊक), आणि हाडांच्या विभागातल्या एका आजोबांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सिस्टर, थोडा तरी मारतात का हो इथे?" डोळ्यांच्या विभागाची तर गोष्टच सोड. एक शिक्षिका, नजर अगदी शाबूत, पण बाहेरची पाटी लागेना म्हणून रडतच आत गेल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की बाई, ती मलाही वाचता येत नाही, मी सवयीने आत येतो.

इथवर मी हसून सोडून दिलं. मंगळवारी दुपारी एक टेम्पोवाला बायकोला घेऊन आला. तिच्या कळा अगदी भरात. समोर आमची पाटी, 'प्रसूती विभाग'. पण तुझ्या 'सू'चा ऊकार जो खाली उतरतो तो वळसे घेत थेट 'वि'च्या गळ्यात पडतो, आणि शेवटी बाण; त्या बाणाला साहेबांनी हौसेने दोन्ही टोकांना वेलबुट्टी काढून घेतलेली. टोक कुठलं नि शेपूट कुठलं, काय कळणार त्या बिचाऱ्याला? तो शेपटाकडे गेला. शेपटाकडे आमचा धोबीखाना आहे.

धोबीदादा धापा टाकत आले, "सिस्टर, चादरींवर बाळ येतंय!" मी धावले. हातमोजे चढवायला जेमतेम वेळ मिळाला. बाळ आलं ते मानेला नाळेचा वेढा घेऊन, निळंजांभळं, गप्प. मी वेढा सोडवला, तोंड पुसलं, पाठ चोळली. ती माऊली माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत शिकलेलं सगळं केलं रे, तळपायांवर टिचक्याही मारल्या. मग एकदाचा त्या कार्टीने असा टाहो फोडला, की धोबीदादा इस्त्रीच्या टेबलाला धरून रडायला लागले. दोघी सुखरूप आहेत. बाप अजून विचारतो, की मी चुकलो का हो? त्याला काय सांगू, की तू नाही चुकलास, माझा भाऊ कलावंत आहे?

त्यानंतर मी स्टूल घेतलं, पाटी उचकटली आणि तिच्या मागच्या बाजूला जाड पेनाने 'बाळंतीण इकडे' असं लिहून सरळसोट बाण काढला. मोठे डॉक्टर धावत आले, "अहो सिस्टर, काय देखणी पाटी होती!" मी म्हटलं, "साहेब, कळा देताना देखणं कुणी बघत नाही." त्यावर त्यांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितलाय. तो कागदही तुझ्याच अक्षरांत छापून आलाय, त्यामुळे नेमका कशाचा खुलासा हे मला पुरतं लागलेलं नाही.

आता पत्र पुरे करते, औषधांची वेळ झाली (पेशंटांच्या आणि माझ्याही).

तुझी, तुझ्यावर भयंकर चिडलेली,
ताई

ता. क. साहेबांना तू स्वतः दोन ओळी लिही, की ही अक्षरं सवडीने बघायची आहेत, वाट दाखवायला साधीच घ्या. माझं ऐकत नाहीत, कलावंताचं ऐकतील. खुलाशाला चार दिवस उरलेत, टाळाटाळ करू नकोस.

ता. क. दुसरा. रागाच्या भरात सांगायचं राहिलं, तुझ्या भाचीचं लग्न ठरलं. पत्रिका झुळुकीतच हवी, दुसरं काही चालणार नाही. वधूच्या आईच्या नावातली वेलांटी चांगली लांब सोड, व्याह्यांना दिसू दे. तारीख, वेळ आणि कार्यालयाचा पत्ता तेवढा साध्या अक्षरांत टाक.

ता. क. तिसरा (भावोजींना दाखवू नकोस). एकच पत्रिका वेगळी छाप, पत्त्यासकट सगळी झुळुकीत, आणि बाणाचा नकाशाही घाल. ती त्यांच्या आत्याबाईंना जाणार आहे.