आटपाट नगरातली बालवाडी

१५ जानेवारी १९७३, सोमवार
शिवपूजा झाली. मन शांत आहे.
महिला मंडळानं बालवाडी भिवराबाईला दिली. ती सातवी, मी मॅट्रिक. मला काय, तर उद्घाटनाची समई लावायचा मान. तेलही आमच्याच घरचं. बालवाडीचा पगार सोसायटी देणार, सोसायटीचे सेक्रेटरी आमचे हे, आणि मीटिंगमध्ये ह्यांनी तोंड उघडलं नाही. विचारलं तर म्हणाले, "घरचीच बाई लावली म्हणतील लोक."
लोक ह्यांना राजाभाऊ म्हणतात. (लोकांच्या तोंडचं म्हणून लिहिलं. तरी नवऱ्याचं नाव ते नाव. आज उपास आहेच, त्यातच प्रायश्चित्त उरकलं.)
संकल्प: शिवरात्रीच्या आत भिवराबाईची बालवाडी बंद पाडणे. मनात राग नाही.

१८ जानेवारी
बालवाडी आमच्या परसाच्या भिंतीपलीकडंच. वर चढून पाहिलं. पोरं गोल बसून नुसती बोलतात. भिवराबाई विचारते, "तुजी आय कुटं गेली रं?" पोरगं म्हणतं, तलावाच्या कामावर, खडी फोडायला. "मंग खडी कशी वाजती?" म्हटलं की सगळी पोरं तोंडानं खडी वाजवतात. पाटी नाही, अक्षर नाही. हे शिक्षण.

२२ जानेवारी
ओसरीवर माझा वर्ग सुरू. कामावर जाणाऱ्या बायांना सांगितलं, तिकडं खायला सुकडी मिळेल, इकडं विद्या मिळेल. बऱ्याचजणी पोरं इकडं सोडून गेल्या. फुटाणे दिले, पण वर्ग सुटताना; आधी दिले तर पळतात. खडूचे तुकडे करून वाटले. नियम एकच, बोलायचं नाही.
शांतता उत्तम.

३० जानेवारी
पोरं अ गिरवतात. अ कशाचा विचारलं तर गप्प. शिस्त मुरली. सटवा फक्त रडतो. भिवराबाईनं शिकवून पाठवला असणार.
साखराची आई मनकर्णा म्हणाली, "बाई, पोरगी घरी बी बोलंना झालीय. कावून?" म्हटलं, विचार करत असेल.

५ फेब्रुवारी, सोमवार
महादेव पावला. मी सोसायटीचे चेअरमन सुंदरराव यांच्याकडं अर्ज केला होता. आता बीडहून मुख्यसेविका येणार, दोन्हीकडची पोरं बघणार, जिची पोरं सरस तिला पगार. पण अक्षर बघणार नाही म्हणे. पोरांना गोष्ट सांगायला लावणार. सुंदरराव म्हणाले, "एवढ्या बारक्यांचं आधी बोलणं बघतेत."
गोष्ट तर गोष्ट. श्रावणातल्या कहाण्या मला पाठ आहेत. अडचण एकच. प्रत्येक कहाणीत तो असतोच, मुकुटवाला, आणि त्याचं नि ह्यांचं नाव एकच, मला घेता येत नाही. दर श्रावणात मी तिथं 'आमचे हे' म्हणते. शंकराला चालतं, मुख्यसेविकेला का चालू नये?

९ फेब्रुवारी
"आटपाट नगर होतं. तिथं आमचे हे होते. ह्यांना दोन राण्या होत्या, एक आवडती, एक नावडती. आवडतीला शालू, नावडतीला जातं."
पोरं बोलायला लागली. थांबेनात. 'हे' म्हणताना मी पदर सावरून खाली बघते, तर पोरंही डोक्यावरून हात फिरवून खाली बघतात. इतका बारकावा भिवराबाईला सात जन्मांत जमणार नाही.
हे दारात ऐकत होते. म्हणाले, "अगं, गोष्टीतून तरी मला सोड." ह्यांना शिक्षणातलं काय कळतं.

१३ फेब्रुवारी
मनकर्णानं तलावाच्या कामावर, सगळ्यांदेखत, ह्यांना अडवलं. "भाऊ, दुसरी कुटं ठिवलीय? साखरा म्हणती शालू बी घेतलाय. आन् तेबी ह्या दुष्काळात?"
भिवराबाईचंच कारस्थान. हे जेवले नाहीत. मिलोची, रेशनच्या लाल ज्वारीची, भाकरी उरली, सकाळी चालेल.

२० फेब्रुवारी
लिहावंसं वाटत नाही. पण पुरावा राहावा.
मुख्यसेविका आली. भिवराबाईच्या पोरांनी ज्यानं त्यानं आपलीच गोष्ट सांगितली. एकानं बाजारात इकलेल्या शेळीची, एकीनं विहिरीचा गाळ काढणाऱ्या आज्याची. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. मग माझी पोरं, एका सुरात. मुख्यसेविकेनं विचारलं, "हे म्हणजे कोण रे बाळा?" सटव्यानं खुर्चीवरच्या ह्यांच्याकडं बोट केलं. "आणि नावडती?" सगळ्यांनी माझ्याकडं. एकदम, शिस्तीत.
सुंदरराव हसता हसता खुर्चीवरून घसरले. हे उठून गेले. भिवराबाई तेवढी हसली नाही. तेच जास्त लागलं.
पगार तिला. निकाल आधीच ठरलेला होता, हे उघड आहे.

२२ फेब्रुवारी
ओसरी रिकामी. फुटाणे वाचतात. पाण्याला गेले तर विहिरीवर एकीनं हाक मारली, "आवडतीला न्हाई का धाडलं?"
आणि भिवराबाई दारात. "मालनबाई, त्या नावडतीचं पुढं काय झालं वो? पोरं लई मागं लागलीत. मला न्हाई येत ती कहाणी. तुमी येऊन सांगता का?"
ह्याच घटकेची वाट बघत होते. म्हटलं, नाही सांगणार. तिचं तोंड उतरलं. सूड पूर्ण झाला. पगार तिच्याकडं असेल, शेवट माझ्याकडं आहे.

२६ फेब्रुवारी, सोमवार
उपास. भिंतीपलीकडून आवाज. पोरं शेवट स्वतःच करत होती.
साखरा म्हणाली, नावडती खडी फोडायला गेली आन् तिनं भाकरी केल्या, मिलोच्या. दुसरा म्हणाला, आवडतीनं शालू इकून कालवण आणलं. "आन् हे?" असं कुणीतरी विचारलं. साखरा म्हणाली, "हे बी आले. जेवले. म्हणले, लई झ्याक झाल्यात."
सगळं चूक. कहाणीत मिलो नसतो. कहाणीत देव पावतो. राहवेना. पदर खोचून तिकडं गेले, दारातूनच सांगितलं, पुढं असं नाही, बंद करा.
सटवा म्हणाला, "गप बसा बाई. तुमाला पुढचं येत न्हाई. आमी सांगतो."
भिवराबाईनं सरकून सतरंजीवर जागा केली.
बसले.