आईसमोरची खुर्ची

१९ तारीख, संध्याकाळ

ताई,

आता ती थांबली. परत सुरू झाली.

स्वयंपाकघरात ओट्यावर कागद ठेवून उभ्याउभ्या लिहितोय. पलीकडच्या खोलीत आई प्रार्थना म्हणतेय, आपलीच, संध्याकाळची. दार उघडं आहे. इथून तिचा खांदा आणि मान दिसते. एक ओळ म्हणते, थांबते, कोणाचं तरी ऐकल्यासारखी मान हलवते आणि पुढची ओळ घेते. समोर ती जुनी लाकडी खुर्ची आहे. खुर्चीत कोणी नाही.

तिला आता फारसं काही आठवत नाही, हे मागच्या पत्रांत लिहिलंच होतं. मला ती कधी बाबा समजते, कधी नळ दुरुस्त करणारा. परवा म्हणाली, "गळती थांबली का हो?" मी म्हटलं, "थांबली." "मग चहा घेऊनच जा." घेतला.

प्रार्थना मात्र एका अक्षराने चुकत नाही. दम लागतो म्हणून मध्ये थांबते, असं मला आधी वाटलं. बरोबर म्हणावं म्हणून खुर्चीत बसायला गेलो तर ओरडली, "अरे, तिच्या अंगावर बसतोस काय!"

दिवसा येणारी नर्सबाई तुमच्या, म्हणजे तू स्वीकारलेल्या धर्माची आहे. एकदा चादर बदलताना ती सवयीने तुमची प्रार्थना पुटपुटत होती. तिची एकेक ओळ आईच्या थांबण्यात नेमकी बसत गेली. दोघींना त्याचं काही वाटलं नाही. मीच दारात खिळून राहिलो.

"ह्या कोणाबरोबर म्हणायच्या हो, सर?" नर्सबाईने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

माहीत होतं. बाबा दुकानात गेले की तुम्ही दोघी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचात. आतून आळीपाळीने दोन आवाज यायचे. मला वाटायचं, माझ्याच तक्रारी चालल्यात.

कॉलेजात मी अजून 'इतर धर्मांचा परिचय' शिकवतो. तुमची प्रार्थना फळ्यावर लिहितो, शब्दन् शब्द सोडवून दाखवतो, मोठ्याने कधी म्हणत नाही. आपल्यात ते शब्द तोंडाने उच्चारणं म्हणजे केवढं पाप, हे तुला मी सांगायला नको. मागे धर्मसंवादाची परिषद झाली. देव एकच आहे असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं आणि बिस्किटं संपल्यावर जो तो आपापल्या गाडीत बसून गेला. तू घर सोडताना जिन्यात म्हणाली होतीस, "एकच आहे म्हणून मोकळा होऊ नकोस, बारक्या. आई मागते ते वेगळं, मी मागते ते वेगळं. आम्ही फक्त एकमेकींचं होईपर्यंत थांबतो." तेव्हा मला ते धर्मशास्त्र वाटलं नव्हतं. हल्ली वर्गात उभा राहिलो की तेवढंच आठवतं.

ती आता मधल्या कडव्यापर्यंत आली आहे.

अडचण शेवटच्या ओळीची आहे. तुमच्यात ती ठरलेली नसते. ज्याची त्याची असते, स्वतःच्या मागण्याची, आणि बरोबर म्हणणाऱ्याशिवाय कोणाला सांगायची नसते. नर्सबाई तिथपर्यंत येऊन गप्प होते. आई वाट बघते. मग "अजून तिचं व्हायचंय" म्हणते आणि पहिल्यापासून सुरू करते. जेवण नाही, झोप नाही. आवाज बसला आहे. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर शरीर साथ देणार नाही. म्हणून तुझी ओळ मागत होतो. दोन्ही पत्रांना उत्तर आलं नाही. फोन लागत नाही.

मग काल नर्सबाई आली नाही, आणि आईचा आवाज इतका खोल गेला की ओठ बघून ओळी ओळखाव्या लागत होत्या. मी खुर्चीशेजारी जमिनीवर बसलो आणि तुझ्या ओळी म्हटल्या. मोठ्याने. छत जागच्या जागी राहिलं. बाबांचा फोटोही पडला नाही. आई पुढे सरकत गेली. शेवटच्या जागी माझ्याकडे काही नव्हतं.

"बारक्याला एकटं पाडू नकोस," कोणीतरी म्हणालं. खुर्चीतून.

आवाज तुझा होता. जरा घोगरा, सर्दी झाल्यासारखा. आईने मान हलवली, आपली शेवटची ओळ म्हटली आणि जेवायला मागितलं. पोटभर जेवली. झोपली.

मी दमलेलो होतो, मान्य. मनानेच ते रचलं असेल. तसं असेल तर इतकी वर्षं धर्म शिकवणाऱ्या माणसाने देवाजवळ केलेली ती पहिलीच खरी मागणी, आणि तीही दुसऱ्याच्या प्रार्थनेत. त्याची लाज वाटत नाही, याचंच नवल वाटतं. पण ती खरोखर तुझीच ओळ असेल, तर मला ती कशी ऐकू आली? हा प्रश्न मी कालपासून टाळतोय. आजही टाळला असता. पण आज मी इथे ओट्याशी आहे, तुझ्या ओळी कोणीच म्हणत नाही, आणि आई तरीही अडत नाही.

पत्राच्या सुरुवातीला जे विचारतात ते म्हणून शेवटी ठेवलं. ताई, तू बरी आहेस ना?

शेवटचं कडवं आलं. थांबली आहे. आत जातो.

२० तारीख, सकाळ

पाकीट बंद करायच्या आधी एवढंच. काल मी खोलीत पोचेपर्यंत तिची प्रार्थना पुरी झाली होती. मला काही ऐकू आलं नाही.

आज उठली, चहा प्यायली, उशीला टेकून बसली. प्रार्थना सुरू केली नाही. मी विचारलं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"बारक्या," ती म्हणाली. कित्येक महिन्यांनी म्हणाली. "तिचं झालं. आता तू म्हण." आणि खुर्चीकडे बोट केलं.

मी बसलो. त्या खिडकीत ऊन यायला अजून अवकाश होता. खुर्ची कोमट होती.

उत्तराची एक ओळ पुरे. कोणाच्याही हातची चालेल.

तुझा,
बारक्या